नळावरचा ठिपका

ग्रंथपालांना नकाशे शिकवायचे तर आधी त्यांची एक सवय मोडावी लागते. पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे सांगितलं की आपलं काम संपलं, ही. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांत, वाचक विचारतो, हे कुठे घडलं? आणि आपल्याला जमिनीवर ठिपका ठेवावा लागतो. परळच्या आमच्या संशोधन ग्रंथालयात मी पाच जणांना हे शिकवत होते. मी स्वतः वर्षभरापूर्वी शिकलेली, म्हणजे त्यांच्या चार धडे पुढे.

सरावासाठी मी गिरणी संपातल्या हाणामाऱ्यांची कात्रणं दिली. खोकी भरून आहेत आमच्याकडे. सोडा वॉटरच्या बाटल्या, ॲसिडचे बल्ब, गुप्त्या, लाठीमार. एक प्राध्यापक त्यावर पुस्तक लिहीत होते, त्यांना नकाशा हवाच होता. प्रत्येकाने दहा कात्रणं घ्यायची, गिरण्यांचा जुना नकाशा स्कॅन करून आजच्या हवाई छायाचित्रावर बसवायचा आणि घटनेच्या जागी ठिपका द्यायचा. ठिपक्याला एक तक्ता जोडलेला असतो. काय घडलं, कुठे आणि हे कशावरून. शेवटचा रकाना रिकामा ठेवलेला मला चालत नाही.

बाकीच्यांनी खोक्यातली वरची कात्रणं उचलली. गिरगावातल्या ग्रंथालयातून आलेल्या बाईंनी मात्र तळापर्यंत शोधून एक काढलं आणि मग हाताला येतील ती नऊ. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, कामाला चोख, बोलायला कमी.

चूक त्यांच्याकडूनच झाली. जुना नकाशा बसवायचा तर तेव्हाही होत्या आणि आजही आहेत अशा खुणा जुळवाव्या लागतात. त्यांनी गिरणीची चिमणी घेतली. डिलाईल रोडच्या त्या गिरणीला दोन चिमण्या होत्या, एक पाडली. त्यांनी पाडलेली चिमणी उभ्या चिमणीवर टेकवली. नकाशाचा तो कोपरा सरकला आणि गिरणीचं फाटक रस्ता ओलांडून समोरच्या चाळीच्या चौकात, नळावर जाऊन बसलं. फाटकाबरोबर त्यांचा ठिपकाही गेला.

दादरच्या ग्रंथालयातले एक गृहस्थ त्यांच्या खांद्यावरून डोकावले. कात्रण वाचून म्हणाले, "कामावर जाणारा गडी फाटकावर मेला म्हणतात, आणि तुमच्यात तो नळावर पाणी भरतोय की हो."

बाकीच्यांतले दोघं हसले. बाईंनी माऊस सोडला.

"ते माझे वडील," त्या म्हणाल्या.

गृहस्थ आपल्या खुर्चीत जाऊन बसले. बाईंनी मला सगळं सांगितलं, चढ-उतार नसलेल्या आवाजात. त्या, भावंडं आणि आई तेव्हा कोकणात. वडील गाववाल्यांच्या खोलीत, पाळीपाळीने झोपणाऱ्या वीस माणसांत. संप सुरू झाल्यावर त्यांनी पत्रात लिहिलं होतं की एका गादीवाल्याकडे जातो. मग बातमी आली की फाटकावर मार खाऊन मेले. म्हणजे गिरणीतच जात होते, संप फोडत होते. आईनेही तेच मानलं. गावात शिमग्याची पालखी त्यांचं दार सोडून पुढच्या दारी जाते, ती अजून.

"मला एकदा बघायचं होतं, ते फाटकाच्या किती जवळ होते. आत जात होते की नुसते रस्त्याने चालले होते."

मी त्यांना चिमणी दुरुस्त करायला सांगितली. फाटक जागेवर गेलं, ठिपका फाटकावर. नकाशा बरोबर झाला आणि घटना चुकली. कारण पहिला ठिपका अगदी जागेवर होता. ती चाळ आमची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

गिरणीत गेलेल्या माणसाच्या केसांत, भुवयांत, कानात कापसाचा भुरा बसतो. डोकं धुतलं तरी कानातला राहतो. म्हणून संप लांबला तशी संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी तपासणी सुरू झाली. परत येणाऱ्याला दिव्याखाली धरायचं आणि कानात काडी फिरवायची. बाईंचे वडील आमच्याच चाळीत राहत. त्यांच्या कानातून पांढरं निघालं. रे रोडला गादीवाल्याकडे कापूस पिंजतो, असं ते सांगत होते. चार साचे, म्हणजे माग, चालवणारा विणकर गाद्या पिंजेल, हे कुणाला पटणार? त्यांना चौकात ओढलं. माझ्या बाबांकडे साच्याचा लाकडी दांडा होता. पहिला फटका गुडघ्यावर बसला. ते पडले ते नळाच्या दगडावर तोंडघशी. तिथे थांबता आलं असतं. चौघं होते, चौघांनीही हात चालवले. जबडा तुटल्याचा आवाज मला जिन्यात ऐकू आला. पाणी यायची वेळ होती, बायकांनी आपापले हंडे मागे घेतले, इतकंच. नंतर त्या चौघांनी त्यांना उचलून रस्त्यापलीकडे फाटकाशी ठेवलं. आईने खराटा घेतला, मी बादलीने पाणी ओतलं. दाताचे दोन तुकडे जाळीत अडकले होते, ते मी बोटांनी काढले.

ते तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारले. हवालदाराने मुलांना विचारलं. मी बोट दाखवून म्हणाले, फाटकाजवळ. घरी पढवलं होतं तसंच. त्याच आठवड्यात रे रोडहून एक गादीवाला आला, आपला माणूस कामावर का येत नाही हे विचारायला. बाबांनी त्याला चाळीच्या तोंडावरूनच परत पाठवलं. चाळीतल्या कुणीही कोकणात खरं कळवणारं पत्र टाकलं नाही.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. बाकीच्यांना बाहेर पाठवलं नाही.

"मारणारे कोण?" त्यांनी विचारलं.

"तिघं आता नाहीत. चौथे माझे बाबा. नायगावला माझ्याकडेच असतात."

त्या उठल्या आणि त्यांनी माझ्या कानाखाली मारली. चष्मा कपाटाखाली गेला. दुसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांची अंगठी लागून ओठ फाटला. दादरचे गृहस्थ मधे यायला लागले, त्यांना मी हातानेच बसवलं. मग बाई खुर्चीवर बसल्या, माऊस धरला आणि ठिपका रस्त्याच्या अलीकडे, नळावर आणला.

"कशावरून, काय लिहू?"

"प्रत्यक्ष पाहिलं. माझं नाव लिहा. गादीवाल्याचंही लिहा. आणि मारणाऱ्याचं."

त्यांनी लिहिलं. स्पेलिंग विचारून, बाबांचं पूर्ण नाव. मग त्या नोंदीसकट नकाशाच्या दोन प्रती मागितल्या, एक आईसाठी, एक गावच्या मानकऱ्यांसाठी. मी काढून दिल्या, शिक्का मारून, खाली सही करून. प्राध्यापकांचा नंतर फोन आला, वर्तमानपत्रात फाटक आहे म्हणून. त्यांना म्हटलं, शेवटचा रकाना वाचा.

संध्याकाळी बाबांना ताट वाढलं. त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. कुणी मारलं, ते सांगितलं. कुणाची मुलगी, तेही. नाव लिहून दिलंय, हेही.

त्यांनी भातातून हात काढला.

"ती इथे येईल?" त्यांनी विचारलं.

"पत्ता दिलाय."

त्यांनी ताट बाजूला सारलं, भिंत धरत दारापर्यंत गेले आणि आतून घातलेली कडी काढून आले.