पेवातली बाटली

बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात मी कारकून होतो, तेव्हा कडूबा तिथं बियाण्याच्या कोठारावर मजूर होता. मजूर आपलं म्हणायचं. पंचक्रोशीत कुणीही जमिनीखालचं धान्याचं पेव उघडलं की त्यालाच बोलावणं यायचं. पेवाला आधी अर्धा दिवस वारं खाऊ द्यायचं, मग कडूबानं मूठभर ज्वारी काढून नाकाशी धरायची. ‘माल बरा हाय’ किंवा ‘माल गेला’, याहून जास्त तो बोलत नसे. मी एकदा हुज्जत घातली आणि तोंडघशी पडलो.

त्र्याहत्तर साली पिएत्रो नावाचा इटालियन शास्त्रज्ञ तुरीचं बियाणं बघायला आला. वडिलांनी वारण्याआधी घरच्या द्राक्षांची केलेली शेवटची तांबडी वाइन, एकच बाटली, तो जपून हिंडवत होता. पुढचा प्रवास उन्हाच्या देशांतला होता. बाटलीला अंधार हवा, गारवा हवा आणि वर्षानुवर्षं आडवं पडणं हवं. कडूबाच्या अंगणातलं पेव त्यानं पाहिलं होतं. दुष्काळात ते रिकामं झालं होतं.

दुभाष्या मीच. कडूबानं साफ सांगितलं, आपण पंचशील घेतलंय, दारू तोंडाला लावणार नाही. पण बापाची ठेव असेल तर सांभाळीन. त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, आठ दिवस अबोला धरला. घरात बुद्धाची तसबीर आणि अंगणाखाली दारू, लोकांनी काय म्हणावं? शेवटी बाटली भुशात आडवी निजली आणि पेवाचं तोंड लिंपलं गेलं.

दोन वर्षांचा वायदा करून गेलेला माणूस पाच वर्षांनी परतला. तो येणार त्या सकाळी कडूबानं बाटली वर काढून उन्हाकडं धरली. आत एका कुशीला काळपट गाळ बसला होता. मग त्यानं करू नये तेच केलं, औषधाच्या बाटलीसारखी ती खळाखळा हलवली. सगळी वाइन गढूळ झाली.

“बाबूसाहेब, माल गेला,” तो मला म्हणाला. “बराबर ठेवल्ती, तरी गेला.”

प्रवासातच बिघडली होती असं सांगू, असं मी सुचवलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की तो बेत मी तिथंच सोडला.

पिएत्रोला त्यानं हलवल्यासकट सगळं माझ्या तोंडून सांगितलं. पिएत्रो डोळ्यांत पाणी येईतो हसला. गाळ म्हणजे वाइन मुरल्याची खूण, दोन दिवस उभी ठेवा, खाली बसेल, म्हणाला. चव मात्र उघडल्यावरच कळणार होती. ते दोन दिवस कडूबाला जेवण गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तिसऱ्या दिवशी विश्रामगृहाच्या ओट्यावर पिएत्रोनं बूच काढलं. गाळ न हलवता पेल्यात थोडी ओतली, घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिला. मग पेला कडूबापुढं धरला. कडूबानं तो ओठांपासून दूर ठेवून फक्त नाकाशी नेला, पेवाची ज्वारी हुंगावी तसा. पाच वर्षं ताठलेले त्याचे खांदे खाली आले.

“पेव उघडल्यावर पहिल्यांदा येतो तसा वास हाय,” तो म्हणाला. “सांगा यांच्या बापाला, माल बरा हाय.”

बाप वारलाय हे कडूबाला पक्कं ठाऊक होतं. मी पिएत्रोला एकही शब्द न बदलता सांगितलं.