उभ्या गाडीचं तेल

आवाज इंजिनाच्या तोंडाकडून येत होता आणि बघणारे सगळे वाकून तळाशी बघत होते. आमच्या गोंदियाच्या वर्कशॉपमध्ये ती हिरवी पिकअप आली, तेव्हा दुसरं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. मिलिटरीनं लिलावात काढलेली जुनी अमेरिकन गाडी. मालक केशवराव बिसेन आमगावकडचे मोठे धानवाले शेतकरी. गाडी चालवत आणली होती त्यांच्या ड्रायव्हरनं, डोमानं. आजच्यानंतर हा माझ्या गाडीला हात लावणार नाही, असं मालकांनी खाली उतरता उतरताच जाहीर केलं.

"बेअरिंग गेली," बिसेन मला म्हणाले. "आमच्याकडच्या मिस्त्रीनं सांगतलन. बिना तेलाची चालवली म्हणते. मी डब्यानं तेल देऊन राहिलो, अन् हा विकून राहिला. गाडी जागेवर उभी, तरी डबा खाली होते. उभी गाडी तेल पिते काय?"

डोमा चाळिशीचा, अंगानं सडपातळ माणूस. "तेल म्या इंजनातच टाकलो जी," एवढंच तो म्हणाला. मालकांनी हा आरोप गावात, चार लोकांदेखत केला होता. चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला त्या भागात दुसरं कोण ठेवणार? तेव्हा गाड्याच मोजक्या होत्या.

आमचे उस्ताद, म्हणजे वर्कशॉपचे मालक, बाजूला चहा पीत होते. "बेअरिंग है तो क्रँक नागपूर भेजना पडेगा," ते म्हणाले. "महीना गया समझो."

"आधी ऐकू द्या," मी म्हणालो. तिशीही गाठली नव्हती, पण कानाबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. आजही नाही.

बेअरिंगचा ठोका जड असतो. खालून येतो, आणि गाडीवर जोर पडला की वाढतो. इथला आवाज वेगळा होता. गाडी उभ्यानं हळू चालवली की पत्र्यावर कुणी साखळी आपटावी तसा खळखळ; ॲक्सिलरेटर दाबला की कमी, सोडला की पुन्हा सुरू. मी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. बेअरिंग गेली असती तर त्या सिलिंडरची वायर काढताच ठोका दबला असता. सहाही काढून झाल्या, आवाजाला काही फरक नाही. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. खळखळ थेट तिथूनच आली; दात आंबले.

त्या झाकणाआड टायमिंग चेन असते. ती काय ते सांगतो. खाली असतो क्रँकशाफ्ट. पिस्टन त्याला फिरवतात. त्याच्या जरा वर कॅमशाफ्ट. तो व्हॉल्व्ह उघडतो. दोघांची चाल जुळलेली राहावी म्हणून पुढच्या बाजूला एक चेन असते. सायकलच्या चेनची थोरली बहीण म्हणा. ती झिजली की लांबते, ढिली पडते आणि झाकणावर आपटते.

खात्रीसाठी इंजिन बंद करून क्रँकची पुढची पुली धरून पुढे फिरवली, मग उलटी. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून ठेवलं होतं. चेन घट्ट असती तर पुलीबरोबर आतला, कॅमशाफ्टवर फिरणारा रोटरही लगेच वळला असता. इथे पुली चांगली बोटभर सरकली, तरी रोटर जागचा हलेना.

"बेअरिंग ठीक आहे," मी सांगितलं. "चेन गेली आहे. क्रँक काढायची गरज नाही."

उस्तादांनी मान डोलावली. डोमाच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. पण बिसेन साधे नव्हते.

"चेनले तेल लागते का नाई?"

"लागतं."

"मंग ते बिना तेलाचीच झिजली. गोठ तेच झाली ना."

खरंच होतं ते. चेन तेलावरच जगते. माझ्या निदानानं मालकांचं काम हलकं झालं होतं, डोमाच्या डोक्यावरचा आळ होता तिथेच होता. मला स्वतःचाच राग आला. आवाज सापडला म्हणून मी फुशारकीनं सांगून मोकळा झालो होतो.

रेडिएटर उतरवला, पुली काढली, पुढचं झाकण खोललं. चेननं झाकणाच्या आतल्या बाजूला चकचकीत चर पाडला होता. तळाशी घट्ट चिखल बसला होता. तेल होतं तर. पण ते तेल म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं. चिमूटभर बोटांत चोळलं. खरखर लागली. रॉकेलमध्ये धुतलं तर खाली जे उरलं ते पिवळसर. आमच्या रस्त्यांची धूळ लाल मुरमाची. ही धूळ रस्त्यावरची नव्हती. तेल ओतायच्या तोंडाची जाळी पाहिली; तिच्यावर कोंड्याचा थर.

"डोमाभाऊ, ही गाडी जाते कुठे कुठे?"

"बाजारात जाते जी. कवा टेसनावर. बाकीचा हलरवर राहते."

हलर म्हणजे धान कांडायची मशीन. तिला इंजिन नव्हतं. गाडी शेडमध्ये उभी करायची, मागचं एक चाक जॅकवर उचलायचं आणि त्यावरून मशीनला पट्टा लावायचा. सारा गाव तिथे धान कांडायला यायचा.

"किती वेळ चालते?"

"सकारपासून दिवस बुडेपर्यंत."

"आणि ऑइल कधी बदलता?"

"वीस खेपा झाल्या का." त्यानं मला केबिनच्या दारावर खडूच्या रेघा दाखवल्या. मीटर मिलिटरीतच मेलं होतं, म्हणून मालकांनीच ही पद्धत घालून दिली होती.

"हलरची रेघ कुठली?"

डोमा माझ्याकडे बघतच राहिला. "ते कायची खेप जी? गाडी तर जागची हलत नाई."

मी बिसेनांना हाक मारली आणि तो पिवळा गाळ त्यांच्या तळहातावर ठेवला. "मालक, हा तुमच्या हलरचा भुसा. उभी गाडी तेल पिते. चाक फिरतं तेवढा वेळ इंजिन चालतं, मग गाडी गोंदियाला जावो की जागेवर राहो. डबा इंजिनानंच संपवला. उरलेल्या तेलात भुसा गेला, आणि ते वीस खेपांची वाट बघत महिनोन्‌महिने तसंच राहिलं."

त्यांनी गाळ बराच वेळ अंगठ्यानं चोळला. शेतकरी माणूस, भुसा ओळखायला त्यांना माझी गरज नव्हती.

नागपूरच्या जुन्या मिलिटरी सामानाच्या बाजारात ग्रीस लावलेली कोरी चेन मिळाली, दोन्ही दातेरी चक्रंही मिळाली. चक्रांवर एकेक खूण असते. खुणा समोरासमोर आणून चेन चढवली. खालचं तेलपात्र धुतलं. गाडी सुरू केली तर इंजिन असं शांत चाललं, की उस्तादांनी "बंद है क्या?" म्हणून थट्टा केली. हलरचा एक दिवस म्हणजे पाच रेघा, असं मी डोमाला ठरवून दिलं.

"चाल, बस," बिसेन त्याला म्हणाले.

डोमानं चावी घेतली नाही. "मले गावात चोर म्हटले जी. गोंदियात खरा होऊन मी का करू?"

"हा मिस्त्री येईल संग. तो सांगेल लोकायले."

"चोर या मिस्त्रीनं नाई म्हटलन. तुमी म्हटले."

मी उस्तादांकडे पाहिलं. "जा, ट्रायल हो जाएगी," ते म्हणाले. मग गाडी मीच आमगावकडे चालवत नेली. शेजारी मालक, मागे डोमा.

हलरच्या शेडपाशी धानाची पोती घेऊन माणसं थांबलेली होती. बिसेन उतरले, टोपी काढून पुन्हा घातली.

"तेल डोमानं नाई विकलन," ते मोठ्यानं म्हणाले. "माह्या हलरनं खाल्लन. मी चुकीचा बोललो."

पोत्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "डोमा तसा नाई, हे आमाले ठाऊकच होता जी. हलर कवा सुरू होते?"

डोमानं माझ्या हातातून चावी घेतली आणि जॅक शोधायला गेला.

त्या बाईला टायमिंग चेन कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. डोमा ठाऊक होता. मला सहा प्लग, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धं इंजिन खोलावं लागलं.