इटारसीचं रडणं

बिजलीबाईला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. दारव्ह्याजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यात म्हणायचे, बिजली कडाडली नाही तर समजा ती तापाने फणफणली आहे. ती बैलांशी बोलायची, कपाशीच्या झाडांशी बोलायची आणि दुसरं कोणीच सापडलं नाही तर नवऱ्याशी, म्हणजे हिरासिंगाशीही बोलायची. एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडून एकच शब्द निघत नसे, तो म्हणजे माहेर. आई-बाप लहानपणीच गेले, भाऊ-बहीण नाही, ज्या चुलत्याने लग्न लावून दिलं तोही पाठोपाठ गेला. तीजेच्या सणाला तांड्यातल्या साऱ्याजणी गाठोडी बांधून माहेरी निघायच्या, तेव्हा ही उगाच गोठ्यात काम काढून बसायची.

त्यांच्यात एक रीत होती. माहेरचं माणूस भेटलं की बाईने त्याच्या गळ्यात पडून रडायचं. रडणं म्हणजे नुसतं मुसमुसणं नव्हे. चांगलं सुरात, लांब हेल काढून, भेट नव्हती तेवढ्या दिवसांत काय काय घडलं ते सगळं गाऊन सांगायचं. पहिला सूर माहेरच्याने लावायचा, लेकीने त्यात आपला मिळवायचा. रडून झालं की डोळे पुसायचे, चहा टाकायचा आणि पहिला कप जावयाला द्यायचा. बिजलीबाईचा गळा तांड्यात सगळ्यांत गोड, पण लग्न झाल्यापासून तो या कामी कधी लागलाच नव्हता. हिरासिंगालाही तो पहिला कप कधी मिळाला नव्हता. "साऱ्या दुनियेले सासुरवाडी आहे," तो कुरकुरायचा, "म्या रुसाव तं कोनापाशी रुसाव?"

एकोणीसशे एकोणसाठ साल सरता सरता दिल्लीला शेतीचं मोठं प्रदर्शन भरलं आणि जिल्ह्यातून शेतकऱ्यांची सहल निघाली. हिरासिंगाचं नाव लागलं. बिजलीबाई म्हणाली, मीबी येतो.

"दिल्लीत तुह्यं काय काम?"

"दिल्लीत काहीच नाही. मले रेल्वेत बसाचं हाय."

सहलीचे म्होरके होते रामलाल ग्रामसेवक. माणूस भला, पण गळ्यात शिट्टी अडकवल्यापासून त्यांना जरा चढली होती. कोणी खिडकीतून हात काढला की शिट्टी, कोणी शेंगांची टरफलं टाकली की शिट्टी. छोट्या गाडीने डुलत डुलत मंडळी मूर्तिजापूरला पोचली, मोठ्या गाडीत कोंबली गेली, आणि बिजलीबाईच्या समोर आली आयशाबी. यवतमाळच्या हबीब मिस्त्रीची ही बायको. मिस्त्रीला इंजिनं दुरुस्त करण्याचा नाद, परदेशी इंजिनं बघायला तो निघालेला, आणि आयशाबी बुरख्यात अंग चोरून बसलेली. अशा बाईला बिजलीबाई सोडते की काय!

पण बोलली आधी आयशाबीच. कोपरापर्यंत भरलेल्या पांढऱ्या चुड्यांकडे बघत तिने विचारलं, "हे बोचत नाहीत का वो?"

"अन् तुले या जाळीतून दिसते का वो?"

"मले सब दिसते. लोकायलेच मी दिसत नाही."

"मंग दे बरं मले जराशीक!"

बुरखा डोक्यावरून उतरला खरा, पण घागऱ्याच्या घेरापाशी येऊन अडला. इकडे आयशाबीने आरशांची ओढणी घेतली आणि डब्यात उन्हाचे कवडसे नाचू लागले. हबीब मिस्त्रीने मान वर केली, बिजलीबाईला म्हणाला, "आयशा, पानी दे," आणि बुरख्यातून असा काही हसण्याचा स्फोट झाला की मिस्त्री दचकून बाकाच्या कडेला गेला. रामलालजींनी शिट्टी फुंकली. पण कशासाठी फुंकली ते त्यांनाही सांगता येईना. भुसावळपर्यंत दोघींची लसणाची चटणी एक झाली होती आणि खंडव्यापर्यंत नवऱ्यांची उणीदुणी काढून संपली होती.

इटारसीला गाडी बराच वेळ थांबणार होती. हिरासिंग भजी आणायला उतरला. बिजलीबाई दारात उभी होती, आणि तिला पलीकडच्या गाडीपाशी तोच घागरा दिसला, तेच चुडे, तीच केसांत लोंबणारी चांदी. कोण, कुठली, काही विचारलं नाही. "याडीऽ ये!" म्हणत ती धावली आणि तिच्या गळ्यात पडली. याडी म्हणजे आई. ती बाईही कुठल्याशा तांड्याचीच. तिनेही तत्काळ सूर धरला. अख्खा फलाट थिजला.

रामलालजी शिट्टी फुंकत धावले. बाई रडते, नवरा दिसत नाही. त्यांनी हिशेब केला आणि हिरासिंगाला मारून टाकलं. "बाई, धीर धरा!" हबीब मिस्त्री टोपी सावरून दुवा पुटपुटू लागला. कोणी पाणी आणलं, कोणी डॉक्टर शोधायला गेलं. तेवढ्यात भज्यांचा पुडा घेऊन हिरासिंग गर्दीच्या मागे आला.

"कोन गेलं हो?"

"त्या बाईचा नवरा."

"अरे देवा," हिरासिंग हळहळला, टाचा उंच करून डोकावला आणि त्याला स्वतःचीच बायको दिसली. रामलालजींनी वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली.

मधोमध उभ्या त्या दोघींनी रडणं रीतसर संपवलं, डोळे पुसले आणि मग बिजलीबाईने विचारलं, "आता सांग, तू कोन?" ती निघाली निजामाबादकडची रुपीबाई. नाव सांगून होतंय तोच तिची गाडी हलली.

गाडीत सगळे हसून हसून लोळले. बिजलीबाईही हसली, आणि मग एकदम गप्प झाली. तिचं गप्प होणं हिरासिंगालाही सोसेना. तो नुसता भजी पुढे करत राहिला. शेवटी आयशाबीने हात धरला तेव्हा बिजलीबाईने सारं सांगितलं. माहेरही सांगितलं. "आजचं धरत नाही वो," ती म्हणाली. "पहिला सूर म्याच लावला ना. माहेरच्यानं लावला तरच ते खरं." आयशाबी त्यावर हसली नाही.

दिल्लीत दोघींनी प्रदर्शन किती पाहिलं ते विचारू नका. पाळण्यात बसल्या, हरवल्या, सापडल्या, पुन्हा मुद्दाम हरवल्या. रामलालजींची शिट्टी परतताना आग्रा यायच्या आधीच बसली.

परतीला छोटी गाडी दारव्ह्याला लागली. बिजलीबाईला इथे उतरायचं होतं. आयशाबीला पुढे यवतमाळला जायचं होतं. गाठोडी खाली आली. "येतो," एवढंच म्हणून बिजलीबाई वळली.

मागून धपकन उडी मारल्याचा आवाज आला. बुरखा सावरत आयशाबी फलाटावर उतरली होती. ती धावत आली, बिजलीबाईच्या गळ्यात पडली आणि तिने सूर लावला. इतका बेसूर रडण्याचा सूर दारव्ह्याने कधी ऐकला नसेल! "भुसावळ आलं वो बहनाऽ, चटणी खाल्ली वो बहनाऽ! इटारसी आलं वो बहनाऽ, भजी थंडी झाली वो बहनाऽ!"

बिजलीबाईला आधी हसूच फुटलं. हसता हसता ते मध्येच कुठेतरी वळलं, तिचा गळा मोकळा झाला आणि इतक्या वर्षांचं सगळं त्या बेसुरात मिसळून वाहू लागलं.

इंजिनवाला खाली उतरला. हिरवा झेंडा काखेत मारून स्टेशनबाबू धावत आले. "काय झालं? कोन गेलं?"

हिरासिंगाने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, पागोटं नीट केलं आणि छाती पुढे काढली.

"कोनी नाही गेलं, बाबूजी. मले सासुरवाडी भेटली. गाडी थांबवा जराशीक, जावयाचा चहा व्हाचा हाय."