हप्त्यातून दोनदा

पौर्णिमेला विहारात वंदना संपली, सगळे उठले आणि माझी माय उठलीच नाही. पंचांग प्रणाम करून ती गुडघ्यांवर होती, तिथंच हात टेकवून थांबली. एकदा जोर लावला, पुन्हा लावला. मग आजूबाजूला बघून उगाच हसली. शेवटी दोन बायांनी काखेत हात घालून तिला उभं केलं. त्यातली एक म्हणाली, "पोरानं बिलकुल राणीवानी ठेवलंय तिला. कामाची सवयच मोडली." बाई कौतुकानं म्हणाली होती. मी दाराशी चपला शोधत होतो. चपला समोरच होत्या.

वाटूरकडच्या आमच्या गावात मायनं सारा जन्म लोकांच्या रानात खुरपं चालवलं. उकिडवं बसायचं, तण काढत पुढं सरकायचं, दिवस मावळेपर्यंत. त्या खुरप्यावर मी शिकलो, बँकेत लागलो, नवीन जालन्यात घर बांधलं आणि वडील गेल्यावर तिला इकडं आणलं. गेली दोन वर्षं मी चारचौघांत सांगत होतो की मायला मी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही.

हेच मी डॉक्टरांना सांगितलं, छाती फुगवून. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मायची मांडी दाबून पाहिली, हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. मायला जमलं नाही.

"आजी, खाता काय?" त्यांनी विचारलं.

माय माझ्याकडे बघायला लागली. उत्तर मीच दिलं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी मऊ भात, रात्री खिचडी. पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण. आधी ती सकाळी ज्वारीची आंबील प्यायची, शिळी भाकरी ताकात कुस्करून खायची. ते मी बंद केलं होतं, कारण स्वयंपाकघरात आंबट वास यायचा आणि माझ्याकडे लोक येत-जात असतात. डॉक्टरांना मात्र सांगितलं की पचायला जड जातं.

"काका," बाई म्हणाल्या, "या वयात स्नायू झिजतातच. पण माणसाला बसवून ठेवलं की फार झपाट्यानं झिजतात. आणि आपल्या पोटात चांगले जिवाणू असतात, त्यांना भाकरी, डाळी, ताक असलं खाणं लागतं. पोटाचा आणि स्नायूंचा संबंध नेमका कसा आहे, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण तुमचा हा आराम आजींच्या पोटालाही मानवला नाही आणि पायांनाही."

तुमचा हा आराम, असं त्या म्हणाल्या. मी चिठ्ठीसाठी हात पुढं केला.

तो आराम नव्हताच. खरी गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

माय इथं आली तेव्हा घरापुढं थोडी मोकळी जागा होती. तिनं तिथं वाफे केले, मेथी-कोथिंबीर लावली आणि गावाहून आणलेलं खुरपं घेऊन रोज सकाळी तिथं बसायला लागली. एका रविवारी आमचे मोठे साहेब न कळवता घरी आले. मी लगबगीनं फाटक उघडलं. माय वाफ्यात, पदर खोचलेला, हात मातीनं भरलेले. साहेब कौतुकानं थांबले. "बाई चांगली मिळालीय हो तुम्हाला. काय हात चालतोय! रोज येते का?"

मी म्हणालो, "हप्त्यातून दोनदा येते."

विचारसुद्धा करावा लागला नाही. जणू उत्तर तयारच होतं. साहेब आत आले, चहा झाला. माय मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली आणि ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. तिला ऐकू गेलं नसणार, असं मी ठरवून टाकलं. त्याच संध्याकाळी मी खुरपं माळ्यावर टाकलं. "माय, जन्मभर वाकली. आता बसून खायचं." ती "बरं" म्हणाली. महिन्याभरात मी त्या जागेवर फरशी घातली. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. मी ते ऐकून घेत राहिलो.

डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. खुर्चीवरून दहा वेळा उठायचं, बसायचं. दुसऱ्या दिवशी मायनं सकाळी आंबील घेतली, वाटी बोटानं पुसून खाल्ली. मी ओसरीत उन्हाला खुर्ची ठेवली. ती आली, फाटकाकडं बघितलं आणि म्हणाली, "खुर्ची आत ठेव ना."

"का बरं? हितं ऊन हाये, हवा हाये."

"रस्त्यावरून सगळं दिसतं. कोनी आलं मंजे पुन्हा सांगावं लागंल तुला, हप्त्यातून दोनदा येते म्हनून."

"तुला ऐकू आल्तं?"

"आल्तं की."

"मंग बोलली का न्हाई?"

"काय बोलू? तुझे सायेब होते. तू म्हन्ला बस, मी बसले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ज्या पायांनी मला शिकवलं, ते पाय तिनं माझ्या अब्रूसाठी दोन वर्षं गप्प बसून घालवले होते. माफ कर म्हणायला मी तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर ऊन लागतंय का. मला माझीच किळस आली.

खुर्ची मात्र मी हलवली नाही. माय बसली, माझा खांदा धरून उठली. पुन्हा बसली. तिसऱ्यांदा उठताना समोरचे शेजारी फाटकाशी थांबले. त्यांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान आहे, रोज याच वेळी स्कूटरवर निघतात. "काय चाललंय?" त्यांनी सहज विचारलं.

मी मोठ्यानं म्हणालो, "ही माझी आई आहे."

ते गोंधळले. "हो, ते तर माहीतच आहे," म्हणाले आणि थोडा वेळ माझ्याकडं बघून निघून गेले.

"त्यांला कशाला सांगून राह्यला?" माय म्हणाली आणि चौथ्यांदा उठायला तिनं माझा खांदा धरला.