तक्रारीला बक्षीस नाही

"ही कल्पना नव्हे, तक्रार आहे," हेडमास्तर म्हणाले. "तक्रारीला बक्षीस देता येत नाही."

पंचायत समितीच्या खोलीत आम्ही तिघे परीक्षक बसलो होतो. हेडमास्तर, तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचे चेअरमन आणि मी. समोर पोरांच्या निबंधांचा गठ्ठा होता. गठ्ठ्यावर चहाचा कप होता. तो चेअरमनसाहेबांचा असल्यामुळे कुणी हलवत नव्हतं.

मी तेव्हा समाजशिक्षण अधिकारी होतो. म्हणजे काय करता, असं लोक विचारायचे. गावोगाव युवक मंडळं काढायची, व्हॉलीबॉलची जाळी वाटायची, भजनी मंडळाला पेटी मिळवून द्यायची, आणि वरून आलेली जी योजना दुसरं कुठलंच खातं घेत नाही ती आपली म्हणायची. ही स्पर्धा तशीच माझ्याकडे आली. विषय होता, 'तरुणांच्या भल्यासाठी काय करावे?' उत्तर तरुणांनीच द्यायचं. चांगल्या कल्पनेला बक्षीस. बक्षिसं संघाकडून होती, म्हणून चेअरमन परीक्षक.

साल बहात्तर. आमच्या जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. विहिरींचे तळ दिसत होते आणि निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कामावर सुकडी मिळायची, सरकारी पिठाचा कोरडा खाऊ. ती खाऊन दिवस ढकलायचा. आणि अशा वर्षी बहुतेक पोरांनी तरुणांच्या भल्यासाठी काय मागावं? व्यायामशाळा. अक्षरं वेगवेगळी, वाक्यं एकच: 'तरुण हा देशाचा कणा आहे.' गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं असावं. सुकडीवर जोर कसे काढायचे, हे मात्र फळ्यावर नव्हतं.

हेडमास्तरांना खटकलेला कागद त्यांच्याच शाळेतल्या रत्नमालाचा होता. नववीतली मुलगी. तिनं लिहिलं होतं: 'आमच्या फाट्याला जाणारी एसटी साडेचारला येते. शाळा पाचला सुटते. मागून गाडी नाही. दोन कोस चालून जाईस्तोवर अंधार पडतो, म्हणून मुलींना घरी बसवतात. शाळा गाडीच्या आधी सोडावी.' संपलं. देशाचा कणा कुठंच नव्हता.

"हे करता येण्यासारखं आहे," मी म्हणालो.

"शाळेची वेळ अशी कुणाच्याही मनानं बदलत नसते," हेडमास्तर म्हणाले.

चेअरमननी घड्याळ बघितलं. "व्यायामशाळेला पहिला देऊन टाका. फोटोत बरी दिसती. ह्या पोरीला उत्तेजनार्थ द्या."

उत्तेजनार्थ म्हणजे तुमचं म्हणणं कळलं, आता घरी जा.

ते कळवायला मी रत्नमालाच्या गावी गेलो. गाव येरमाळ्याच्या बाजूचं. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. तिचे वडील भगवानराव पाझर तलावाच्या कामावर होते. पाझर तलाव म्हणजे पाणी जमिनीत मुरावं म्हणून बांधतात तो. त्या वर्षी मुरायलाही पाणी नव्हतं.

"जयभीम साहेब," ते टोपलं खाली ठेवत म्हणाले. "बक्षिसाचं आयकून बरं वाटलं. पण दिवाळी झाली की तिला घरीच बसिवणार हाय."

"का हो? हुशार आहे पोरगी."

"हुशार हाय म्हणूनच नववीपस्तोर आली. शेजारची शाहिदा व्हती तवर दोघी मिळून यायच्या. तिच्या बापानं तिला शाळंतनं काढली. आता एकली पोरगी वढ्यातून अंधारात येती. म्या इथं, हिची माय खडीवर. घ्यायाला कोण जाणार? तुमीच सांगा."

रत्नमाला बापाशेजारीच उभी राहून माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "साहेब, बक्षीस दुसऱ्या कुणाला द्या. घंटा तेवढी आधी वाजवाया सांगा."

"मग तू साडेचारलाच का निघत नाहीस?"

"शेवटची हजेरी पाचला असती. मारुतीमामा घेतेत."

मारुती म्हणजे शाळेचा शिपाई. शिपाई हजेरी का घेतो, हे विचारायचं मला सुचलं नाही. ते दुसऱ्या दिवशी आपोआप कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पलीकडच्या एका गावातलं काम उरकून मी साडेचारची एसटी धरली. गाडी शाळेसमोर आली. तिथं थांबा नव्हता. तरी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि दोनदा हॉर्न दिला. फाटकातून गणिताचे मास्तर आले. मागून इंग्रजीचे, मग इतिहासाचे, मग ड्रॉइंगचे. शेवटी हेडमास्तर आले. त्यांची खिडकीजवळची जागा कंडक्टरनं राखून ठेवली होती.

"शाळा सुटली का?" मी गणिताच्या मास्तरांना विचारलं.

"नाही नाही, पाचला सुटते."

"मग शेवटच्या तासाला?"

"स्वयं-अध्ययन असतं. मारुती आहे ना."

सगळे मास्तर तालुक्याला राहायचे आणि एसटीनं अपडाऊन करायचे. शाळा गाडीच्या वेळेवरच चालली होती. फक्त पोरांसाठी नव्हती.

हेडमास्तरांनी मागं वळून मला बघितलं. "आज जरा तालुक्याला काम निघालं," ते म्हणाले.

"सगळ्यांनाच निघालेलं दिसतंय," मी म्हणालो. माझं डोकं तापलं होतं. त्या पोरीचं शिक्षण ह्या खिडकीजवळच्या जागेपायी सुटणार होतं.

शाळा ज्या संस्थेची, तिचे अध्यक्षही तेच चेअरमन. आमच्याकडं संघ, सोसायटी, शाळा ही एकाच माणसाच्या खुंटीवर टांगलेली असतात. त्यांना जाऊन सांगता आलं असतं. ते 'बघू' म्हणाले असते. 'बघू' म्हणजे नाही, हे सरकारी आणि सहकारी दोन्ही नोकऱ्यांत पहिल्या आठवड्यात कळतं. म्हणून मी नियमात बसेल तेवढंच केलं. बक्षीस समारंभ त्याच शाळेत ठेवला. पत्रिकेवर वेळ टाकली तीनची. चेअरमनसाहेब तीनच्या कार्यक्रमाला चारला येत. मग हारतुरे, स्वागतगीत, माझं प्रास्ताविक. प्रास्ताविक मी गरजेप्रमाणे लांबवू शकतो. त्या कलेवरच माझी नोकरी टिकली.

सगळं ठरल्यासारखं झालं. चेअरमन भाषणाला उभे राहिले. "तरुण हा देशाचा कणा हाय," त्यांनी सुरुवात केली. आणि बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. दोनदा.

गणिताचे मास्तर खुर्चीतून वाकून उठले आणि वाकूनच मांडवाबाहेर गेले. इंग्रजीचे गेले. ड्रॉइंगचे मास्तर जाताना हार घातलेल्या फोटोला नमस्कार करून गेले. स्टेजवर हेडमास्तर खुर्चीच्या काठावर आले होते. परत हॉर्न वाजला. हा त्यांच्यासाठी होता.

चेअरमन थांबले. "मास्तर लोक कुठं निघाले?"

पुढच्या सतरंजीवरून रत्नमाला उभी राहिली. "गाडीला, साहेब. रोजच जातेत."

"शाळा कवा सुटती?"

"पाचला."

"मग पाचपस्तोर तुमास्नी कोण शिकवतं?"

सगळ्या पोरांनी मारुतीकडं बघितलं. मारुती घंटेजवळ हातोडा घेऊन उभा होता. त्यानं हातोडा पाठीमागं लपवला.

"ती गाडीची तक्रार तूच लिवली व्हती का?"

"व्हय."

पोरांचा तास बुडतो याचं चेअरमनना किती वाईट वाटलं, ते मी सांगू शकत नाही. पण त्यांचं भाषण चालू असताना माणसं उठून गेली, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं. त्यांनी माईक जवळ ओढला.

"उद्यापासनं शाळा अर्धा तास आधी भरंल, अर्धा तास आधी सुटंल. मास्तर लोकांनी सकाळची पयली गाडी धरावी. अन् गाडीत आधी पोरं बसतील."

भगवानराव मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ते नुसतं तोंड पुसत नव्हते, हे मला दिसलं. मलाही भरून आलं. मी आभार मानायला उठलो आणि ते फारच थोडक्यात मानले.

व्यायामशाळेला पहिलं बक्षीस मिळालं ते मिळालंच. फोटोही निघाला. व्यायामशाळा मात्र निघाली नाही. शाळेची वेळ बदलली, ती संस्थेच्या कागदावर 'मा. अध्यक्षांच्या कल्पनेतून'. रत्नमालाला स्टीलचा तांब्या मिळाला. शाहिदा परत आली नाही. तिची सोयरीक ठरून गेली होती. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

एवढ्या नोकरीत मी एकच शिकलो. कल्पना नुसती चांगली असून भागत नाही. ती साहेबांच्या भाषणाला आडवी यावी लागते.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या साडेचारच्या गाडीनं निघालो. शाळेसमोर पोरं चढली, मागून मास्तर. खिडकीजवळच्या जागेवर मांडीवर दप्तर घेऊन रत्नमाला बसली होती. हेडमास्तर दांडा धरून माझ्याशेजारी उभे होते. प्रत्येक खड्ड्याला ते माझ्या अंगावर येत.

"फार गर्दी वाढली हो ह्या गाडीला," ते म्हणाले. "तक्रार करायला पाहिजे."

"करा की," मी म्हणालो. "उत्तेजनार्थ देऊ."