शाळेच्या भिंतीवरचं माझं प्लास्टर

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा मी आणि कौसा कर्जत तालुक्यातलं गाव सोडून नगरला निघालो. माझ्याकडे थापी आणि ओळंबा, तिच्याकडे पोत्यात बांधलेला तवा. वडिलांनी पोतं एसटीच्या टपावर चढवलं, खाली उतरून हात झटकले आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या गावात ऱ्हानार हायस. आवाज खाली ठिव." गाडी हलली. माझा आवाज काही कधी खाली राहिला नाही.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, हे तुम्हाला लिहितोय, कारण घरात आता सांगायला कुणी नाही.

नगरात पहिलं काम मिळालं ते एका जुन्या शाळेच्या डागडुजीचं. इंग्रजांच्या वेळची इमारत. खाली काळा घडीव दगड, वर वीट, सगळी जोडणी चुन्याची. भिंत एवढी जाड की खिडकीच्या कोनाड्यात दोन पोरं मांडी घालून बसायची. ओळीनं कमानी, सागवानी तुळया, वर कौलं, आणि गरम हवा निघून जायला उंचावर झरोके. मे महिन्यात मैदानात पाय भाजायचे, वर्गात शिरलं की अंगावर ओलं फडकं पडल्यासारखं वाटायचं. मी तिसरी शिकलेला. अशी शाळा मिळाली असती तर चौथीत गेलो असतो.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला चुना शिकवला. चुना, वाळू आणि विटेची भुकटी दगडी चाकाच्या घाणीत मळायची, वरून गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. कौसा घाणीवर होती. माल झाला की नाही ते ती बोटांनी सांगायची, आणि मिस्त्री माझ्याआधी तिला विचारायचे. हे मला खुपायचं. खोटं कशाला बोलू?

पुढं मिस्त्री गेले, मी मुकादम झालो. आमचा पोरगा त्याच शाळेत शिकला. एका वर्षी शाळेत मोठा कार्यक्रम ठरला आणि पश्चिमेच्या खोल्या चकचकीत करून पाहिजेत असं कमिटीनं सांगितलं. चुना वाळायला वेळ घेतो. मी म्हटलं, सिमेंट मारून देतो, पंधरा दिवसांत. कौसा घमेलं घेऊन परांचीखाली उभी होती.

"अवो, ही भित पानी पिती आन् सोडती. तिचं तोंड कशाला बंद करताय?"

"मिस्त्री तू हाय का मी?"

"तुमीच. पन भित तुमच्यापरीस जुनी हाय."

मजूर खो खो हसले. मी चिडलो आणि एका हाताऐवजी दोन हात सिमेंट मारलं. भिंत आरशासारखी झाली. कमिटीनं नारळ आणि शाल दिली. त्यानंतर त्या रस्त्यानं जाताना मी दरवेळी म्हणायचो, "बघ, एक तडा न्हाई." कौसा पुढं चालत राहायची.

मग पोरानं आम्हाला चाकणला नेलं. सातवा मजला, लिफ्ट, गेटवर सिक्युरिटी. त्या भिंतीत खिळा ठोकायचा तर ड्रिल लागतं. मागच्या थंडीत कौसा तिथंच गेली. दोन दिवस अंगात ताप, तिसऱ्या दिवशी ती नाही. मला अजून कळलेलं नाही की हे झालं कसं.

गेल्या महिन्यात शाळेच्या जुन्या शिपायाचा फोन आला. "मिस्त्री, पश्चिमेच्या खोल्या पाडायच्या म्हनत्यात. येऊन बघा." मी तावातावानं गेलो. मनात होतं, माझं काम दाखवतो आणि एकेकाला गप्प करतो.

खोलीत एक तरुण इंजिनियर बाई आणि दोन गडी होते. एक गडी म्हणाला, "बाबा, प्लास्टर कुनाचंय हो? लई पक्कं! दोन छिन्न्या मोडल्या." मी हसलो. छाती फुगली. तेवढ्यात परातीएवढा तुकडा निघून खाली पडला आणि मागून भिंत सांडायला लागली. दगडांमधला चुना ओल्या राखेसारखा ओघळत होता. बाईंनी सांध्यात हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. तुळईचं भिंतीतलं टोक त्यांनी नुसतं चिमटीत धरलं, तर चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं.

"पाणी आतच कोंडलंय, बाबा," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बाहेर पडायला वाटच नव्हती. कुणी केलं हे?"

मी बाकावर बसलो. "मी," म्हटलं. "आन् माझ्या बायकूनं सांगितलं हुतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सगळं सिमेंट उतरवून भिंत पावसाळ्याआधी वाळली, तर खोल्या वाचतील, असं बाईंचं म्हणणं. पण चुना मळणारं माणूस त्यांना सापडत नव्हतं. मी म्हटलं, मला येतं. खरं सांगायचं तर मळायला हात चालतो, पण माल झाला की नाही सांगणारी बोटं कौसाची होती. पहिले दोन घाणे वाया गेले. तिसरा बाईंना पसंत पडला, मला नाही. चौथा मळला.

आता शिपायाच्या खोलीत राहतोय. दिवसभर माझंच प्लास्टर छिन्नीनं काढतो. खांदा भरून येतो. पोराचा रोज फोन, "अण्णा, घरी कधी येताय?" पहिल्या दिवशी मला कळेचना तो कुठल्या घराबद्दल बोलतोय. गावातलं भावाच्या वाटणीला गेलं, नगरची खोली भाड्याची होती, चाकणचं त्याचं आहे.

काल त्याला सांगितलं, "भित उघडी टाकून कसा येऊ?"

"अण्णा, ती काय आपली भिंत आहे का?"

आपलीच आहे, म्हटलं. माणसानं केलेली चूक जिथं उभी असते आणि ती निस्तरायला दुसरं कुणी येणार नसतं, ते त्याचं घर. अजून सात हात भिंत राहिली आहे.