तांब्याभर वैनगंगा आणि सिरोंच्याचं बंदर

ब्रह्मपुरीहून छोट्या रेल्वेगाडीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर वैनगंगेच्या पाण्याचा तांब्या होता, तोंडाला फडकं बांधलेला. आता कारण आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही हसाल. आमच्या ह्यांची इच्छा होती, आपली राख गोदावरीत पडावी. ते गेले ऐन पावसात, रस्ते सगळे बंद. राख वैनगंगेतच सोडावी लागली. तीन वर्षं ते मनात सलत होतं. गोदावरीजवळ सिरोंच्याला माझी भाची शांता राहते, तिचा नवरा तिथे मास्तर आहे. तिचं बोलावणं आलं तेव्हा म्हटलं, राख नाही तर जिथे ती सोडली तिथलं पाणी तरी गोदावरीत नेऊन सोडू.

चांद्याहून पुढे मोटार. शेजारच्या एका म्हाताऱ्या भाऊंची नजर तांब्यावर गेली. "काऊन बाई, सिरोंच्याले पाणी नेऊन राह्यल्या? तिथी काय दुष्काळ आहे?" सगळी मोटार हसली. मीही हसले, कारण मात्र सांगितलं नाही.

आलापल्लीच्या पुढे सागवान इतकं उंच, की शेंडा बघायला मान वर केली तर पदर डोक्यावरून मागे पडतो. तेच बघत बसले आणि घात झाला. एका नाल्यात मोटार आपटली, तांब्या मांडीवरून उडाला, पाणी फळ्यांच्या फटींतून खाली गेलं. भाऊंनी रिकामा तांब्या उचलून हातात दिला. या खेपेला ते हसले नाहीत.

शांताने चेपल पुलुसु (चिंचेच्या आंबटात शिजवलेला मासोळीचा रस्सा) केला होता. बोटं चाटावी असा, पण मी दोन घासांवर ताट सारलं. शेवटी तिला सगळं सांगितलं. सकाळी म्हणाली, मावशी, चल, तुला गोऱ्या साहेबाचं बंदर दाखवते. तांब्या घे.

मी म्हटलं, इथे कुठला समुद्र? पण घाटावर जाऊन उभी राहिले. केवढी ती नदी! पलीकडची माणसं मुंग्यांएवढी. काठावर साहेबाचा बंगला, त्याची दारं अशी की हत्तीने खाली न वाकता आत जावं. मागे झाडीत साहेब लोकांच्या कबरी, त्यातली एक जेमतेम वीतभर कमी दोन हात लांब. लेकरूच असणार. कुठून आलं आणि कुठे निजलं.

मल्लय्या नावाच्या नावाड्याने आम्हाला पडवेत (होडीत) घेतलं. त्याचा आजा साहेबाकडे खडक फोडायला होता. साहेबाला वऱ्हाडचा, चांद्याचा कापूस आगबोटीतून थेट समुद्रापर्यंत न्यायचा होता, तो सांगत होता. पण नदीच्या पोटातले खडक फोडता फोडता साहेब दमला, तेवढ्यात रेल्वे आली, आणि बंदर तसंच राहून गेलं.

मी विचारलं, "या नदीचं नाव काय गा?"

"ही प्राणहिता. वर वैनगंगा न् वर्धा मिळाल्या का हिलेच प्राणहिता म्हणतात, अम्मा."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आमच्याकडे सगळे म्हणतात, वर्धा भेटली की वैनगंगा संपली. मीही जन्मभर तेच धरून बसले होते. लग्नात माझंही नाव बदललं, म्हणून काय माहेरची बकुळा संपली?

"म्हणजे आमच्या घाटावरचं पाणी इथी येते?"

मल्लय्या वल्हं थांबवून हसला. "साहेबाची बोट खडकाले अडली, अम्मा. पाणी कुठी अडलं?"

मग होडी संगमावर नेऊन त्याने हात लांब करून दाखवलं. एका अंगाने प्राणहिता निळसर, दुसऱ्या अंगाने गोदावरी मातकट. दोघी थोडा वेळ नुसत्या शेजारी शेजारी चालतात, आणि मग कुठली कोणती ते कळत नाही. मी प्राणहितेच्या अंगाला तांब्या बुडवून भरला आणि गोदावरीत ओतला.

"पोचलात ना?" एवढंच म्हटलं. शांताने तोंड दुसरीकडे केलं.

परत आले ती रिकामा तांब्या घेऊन. आमच्या घाटावर बाया अजून टोमणे मारतात, एवढ्या लांब गेलीस आणि गोदावरीचं थेंबभर पाणी आणलं नाहीस? मी म्हणते, बायांनो, पाणी तिकडून इकडे येत नाही, इकडून तिकडे जातं. धुणं पिळून झालं की सगळ्या उठतात, मी थोडी थांबते. आपल्या पायांवरून गेलेलं पाणी कुठे पोचतं, ते मी पाहून आले आहे.